एक चेंडू, दोघांचे फटके: ब्रिटिश क्लबातलं फोरसम कसं खेळावं

गोल्फच्या फोरसम या जोड्यांच्या प्रकारात माणसं चार असतात, चेंडू मात्र दोनच. प्रत्येक जोडीचा एक चेंडू आणि तो दोघांनी आळीपाळीनं मारायचा. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, तुम्ही मारलात की दुसरा फटका जोडीदाराचा, तिसरा तुमचा, असं होल (टीपासून खड्ड्यापर्यंतचा टप्पा) पूर्ण होईपर्यंत. टीचा क्रम मात्र स्वतंत्र चालतो. विषम क्रमांकाच्या होलवर एकानं सुरुवात करायची, सम क्रमांकाच्या होलवर दुसऱ्यानं. मागच्या होलवर शेवटचा पट (ग्रीनवरचा, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवरचा, घरंगळता फटका) कोणी घातला, याचा पुढच्या टीशी काहीही संबंध नाही. नवखे इथेच अडखळतात, कारण कॅरमच्या डबल्ससारखं ‘आता माझी पाळी’ हे त्यांच्या डोक्यात चालू राहतं. फोरबॉल हा निराळा प्रकार आहे. त्यात चौघांचे चार चेंडू असतात आणि जोडीतला चांगला स्कोअर धरतात.

ब्रिटनमध्ये फोरसम अजून टिकून आहे. १९२७ साली ब्रिटन आणि अमेरिकेच्या संघांमधला रायडर कप सुरू झाला तेव्हापासून १९६१ पर्यंत त्यात फोरसम आणि एकेरी एवढेच सामने असत, फोरबॉल १९६३ साली आलं. शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची हॅलफर्ड ह्युइट स्पर्धा डील आणि सँडविचच्या लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या गोल्फ कोर्सवर, होते. तिथे प्रत्येक संघाच्या दहा जणांच्या पाच जोड्या फोरसमच खेळतात. वर्प्ल्सडन क्लबची मिश्र (स्त्री-पुरुष जोडीची) फोरसम स्पर्धा १९२१ पासूनची, ती इंग्लंडच्या गोल्फपटू जॉइस वेदरेड यांनी वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर आठ वेळा जिंकली. क्लबात मात्र तुमची गाठ पडेल ती बहुधा हिवाळी नॉकआउटशी किंवा रविवार दुपारच्या मिश्र फोरसमशी. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारून येतं आणि चौघांचं फोरबॉल चार तास सहज खातं. नीट खेळलेलं फोरसम तीन तासांच्या आत संपतं.

जोडीदार निवडताना

सगळे पहिल्यांदा हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट, बघतात. आमच्या मते ते तिसऱ्या क्रमांकाचं काम आहे. पहिला प्रश्न असा की तुम्ही झाडीत मारलेला चेंडू बघून त्याचा चेहरा पडतो का. दुसरा असा की दोघांच्या कमजोर बाजू एकच आहेत का. दोघंही बंकरमधून बाहेर यायला दोन-दोन फटके घेत असतील तर ती जोडी अवघड, कारण पहिला चुकला की दुसऱ्याला त्याच वाळूत उतरावं लागतं.

हँडिकॅपचा हिशोब सोपा आहे. स्ट्रोकप्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, दोघांच्या कोर्स हँडिकॅपची (त्या कोर्सवर मिळणाऱ्या सुटीची) बेरीज करून तिचा निम्मा धरायचा. एकाचा ११ आणि दुसऱ्याचा २४ असेल तर बेरीज ३५, निम्मे साडेसतरा, म्हणजे जोडीला १८. अर्धा आला की वरचा आकडा घ्यायचा. मॅचप्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या प्रकारात, दोन जोड्यांमधला फरक महत्त्वाचा. तुमचे १२ आणि २० मिळून ३२, निम्मे १६. समोरच्यांचे ६ आणि १४ मिळून २०, निम्मे १०. तुम्हाला सहा फटके मिळाले, स्ट्रोक इंडेक्स (कार्डावरचा होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ६ असलेल्या होलवर एकेक. तिथे टीवर कोण उभा आहे याचा प्रश्नच येत नाही, फटका जोडीचा असतो. फोरसमचा स्कोअर तुमच्या वैयक्तिक हँडिकॅप इंडेक्ससाठी धरला जात नाही, त्यामुळे तिकडची धास्ती बाळगू नका.

ग्रीनसम ठेवलं असेल तर गणित बदलतं. त्यात दोघंही ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) मारतात, एक चेंडू निवडतात आणि ज्याचा ड्राइव्ह सोडला तो पुढचा फटका मारतो. त्यासाठी कमी हँडिकॅपचे ६० टक्के आणि जास्त हँडिकॅपचे ४० टक्के धरतात. अर्ज भरण्यापूर्वी फलकावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. फोरसम आणि ग्रीनसम ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात.

सम की विषम: स्कोअरकार्ड घेऊन बसा

पहिल्या टीवर उभं राहून ‘तू मार, नाही तूच मार’ असं करत ठरवणाऱ्या जोड्या निम्मा सामना तिथेच घालवतात. पहिला टी कोण घेणार हे नियमानं जोडीच्या हातात आहे (स्पर्धेच्या अटींत काही वेगळं नसेल तर) आणि त्या एका निर्णयानं अठराच्या अठरा होल ठरतात. आदल्या रात्री कार्ड समोर ठेवून दहा मिनिटं काढा.

आधी पार ३ शोधा, म्हणजे तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेले होल. तिथे टीवरचा आयर्नचा (मध्यम अंतराच्या काठीचा) फटका म्हणजेच ग्रीनवर जाण्याचा फटका, म्हणून आयर्न ज्याची चांगली त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त पार ३ यायला हवेत. मग पार ५ बघा. तिथे टीवर असलेलाच तिसरा फटका मारतो, म्हणजे ड्राइव्ह आणि वेज (जवळून ग्रीनवर टाकायचा उंच फटका) एकाच माणसाचे, मधला लांबीचा फटका दुसऱ्याचा. सर्वांत शेवटी लांब पार ४. तिथे दुसरा फटका निर्णायक असतो, म्हणजे टीवर नसलेल्याचा.

स्कॉटलंडमधल्या दोन नावाजलेल्या कोर्सवर हे किती उलटं पडतं बघा. म्युअरफील्डचे तीनही पार ५ विषम आहेत: ५, ९ आणि १७. पार ३ चार असून ते ४, ७, १३, १६, म्हणजे दोन सम आणि दोन विषम. पार ३ मुळे काही ठरत नाही, सगळा निकाल पार ५ वर. ज्याचा ड्राइव्ह सरळ आणि वेज नेमकी, त्यानं विषम घ्यावं. रॉयल ट्रूनवर पार ५ तिन्ही सम, ४, ६ आणि १६. पार ३ तिथेही वाटले गेलेत: ५ आणि १७ विषम, तर ८ आणि १४ सम. आठवा म्हणजे ‘पोस्टेज स्टॅम्प’, १२३ यार्डांचा, बंकरांनी वेढलेला इवलासा ग्रीन. म्युअरफील्डवर विषम घेणारा तोच खेळाडू ट्रूनवर सम घेईल. म्हणूनच ‘मी नेहमी पहिला टी घेतो’ या सवयीला काही अर्थ नाही.

तीन अपवाद लक्षात ठेवा. नऊ होलांचा कोर्स दोनदा खेळत असाल तर दुसऱ्या फेरीत सगळं फिरतं, कारण दहावा टी दुसऱ्याचा. पहिल्या फेरीत तुम्ही मारलेला पार ३ आता जोडीदाराचा. दुसरं, हिवाळ्यात एखादा होल बंद ठेवून तो वगळला असेल तर क्रम खेळलेल्या होलांवरून चालतो, कार्डावरच्या आकड्यांवरून नाही. सातवा बंद असेल तर सहावा मारणाऱ्यानंतर आठवा दुसऱ्याचा आणि तिथून पुढे सम-विषमची अदलाबदल. तिसरं, दहाव्यापासून सुरुवात असेल तर ‘पहिला टी’ म्हणजे दहावा, म्हणजे तो घेणाऱ्याकडे सगळे सम होल जातात. हे सकाळी विचारून घ्या, कारण आदल्या रात्रीचा सगळा विचार यात उलटा पडतो.

मिश्र फोरसममध्ये आणखी एक आकडेमोड फायद्याची असते, ती फारसं कोणी करत नाही. समजा ती लाल टीवरून आणि तो पिवळ्या टीवरून खेळतो. काही होलवर लाल टी जेमतेम दहा यार्ड पुढे असतो, काहींवर साठ यार्ड. हा पुढचा टी मिळतो तो ती टीवर असेल तेव्हाच. ४०० यार्डांचा पार ४ घ्या, लाल टीवरून ३५०. तिचा टीवरचा फटका १७० आणि गवतावरून १५०. त्याचे २३० आणि २१०. त्यानं सुरुवात केली तर १७० उरले आणि तिचे १५०, ग्रीनला वीस यार्ड कमी. तिनं सुरुवात केली तर १८० उरले आणि ते त्याच्या आवाक्यातले. म्हणून कार्डावर प्रत्येक होलची दोन टींमधली तफावत लिहा आणि सम होलांची व विषम होलांची वेगवेगळी बेरीज करा. बेरीज जिकडे मोठी तिकडे तिला टीवर ठेवा, अर्थात समोर ओढा किंवा खोल रफ (वाढलेलं गवत) ओलांडायची अट नसेल तर.

क्लब, चेंडू आणि पिशवी

दोघांनी आपापले १४ क्लब (गोल्फच्या काठ्या) आणले तर एकमेकांचे क्लब वापरता येत नाहीत. दोघांचे मिळून १४ पेक्षा जास्त नसतील तरच ते वाटून घेता येतात. हलक्या पिशवीत सात-सात घेऊन हिंडणारी जोडी हिवाळ्यात दिसते, पण मोठ्या सामन्याला आपापली पूर्ण पिशवी बरी.

चेंडूचं मात्र आधी बोलून घ्या. एकाला मऊ चेंडू आवडतो, दुसरा कडक चेंडू वापरतो. क्लबच्या स्पर्धांत सहसा एकाच प्रकारचा चेंडू वापरण्याची सक्ती नसते, त्यामुळे दर होलला चेंडू बदलता येतो. होलच्या मध्ये मनाप्रमाणे बदलता येत नाही. पार ४ वर अॅप्रोच (ग्रीनवर जाणारा फटका) मारणाऱ्याच्या पसंतीचा चेंडू लावावा असं आम्हाला वाटतं: ड्राइव्हमधला फरक पाच-सहा यार्डांचा, पण वेजनं मारलेला चेंडू ग्रीनवर थांबतो की घरंगळतो हा फरक मोठा. चेंडूवर दोघांनाही ओळखू येईल अशी खूण करा आणि टीवर ती मोठ्यानं सांगा. जोडीदार पुढे निघून गेलेला असतो, रफमध्ये कोणता चेंडू शोधायचा हे त्याला ठाऊक हवं.

चालण्याची शिस्त

टीवर ज्याची पाळी नाही त्यानं टीवर रेंगाळायचं नाही. त्यानं आपली पिशवी घेऊन आधीच पुढे, चेंडू पडेल त्या अंदाजाच्या जागी बाजूला उभं राहायचं. नियमही हे गृहीत धरतो: सुरुवातीच्या वेळी पहिला मारणारा टीवर तयार हवा, दुसरा टीवर किंवा चेंडू अपेक्षित असलेल्या जागेजवळ असला तरी चालतं. पुढे गेलेले दोघे, तुमचा जोडीदार आणि समोरच्यांचा, एकाच बाजूला आणि झाडाच्या वगैरे आडोशाला उभे राहावेत. दोघं दोन बाजूंना असतील तर टीवरच्याला सरळ रेषा धरायला त्रास होतो आणि ‘फोर!’ (सांभाळा!) ओरडायची वेळ येते.

ग्रीनवरही तसंच. पहिला पट मारून झाला आणि पुढचा टी तुमच्या जोडीदाराचा असेल, तर होल संपताच तो टीकडे आणि तुम्ही थेट पुढच्या फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) दिशेनं. हे अंगवळणी पडलं की खेळ आपोआप वेगात होतो. म्युअरफील्डसारख्या ठिकाणी जेवणाच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन फेऱ्या दिवसात बसतात, त्या या शिस्तीमुळे.

क्रमाचा नियम कुठे दगा देतो

गोल्फच्या नियमांत फोरसमसाठी २२ वा नियम आहे. त्याचा गाभा असा: दंडाचा फटका क्रम बदलत नाही. खाली दिलेले प्रसंग पाठ असू द्या, कारण तिथे थांबून पुस्तक काढायला वेळ नसतो.

तुम्ही टीवरून मारलेला चेंडू आउट ऑफ बाउंड्स (हद्दीबाहेर) गेला. पुढचा फटका पुन्हा टीवरूनच, पण तो जोडीदारानं मारायचा आणि तो जोडीचा तिसरा. जोडीदार दोनशे यार्डांवर जाऊन उभा असेल तर त्याला परत यावं लागेल. म्हणूनच हद्द जवळ असलेल्या होलवर जास्त पुढे जाऊ नका.

चेंडू सापडेल की नाही शंका असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा चेंडू) जोडीदारानंच मारायचा. मूळ चेंडू तीन मिनिटांत सापडला तर दुसरा फटकाही त्याचाच, प्रोव्हिजनल मारला म्हणून त्याची पाळी संपली नाही. सापडला नाही आणि प्रोव्हिजनलच खेळात आला, तर त्यानंतरचा फटका तुमचा.

पाण्यात गेलेला किंवा खेळता न येणारा चेंडू: दंड घ्या, ड्रॉप दोघांपैकी कोणीही करू शकतो, फटका मात्र पाळी असलेल्याचा. चेंडूला खूण लावणं, उचलणं, परत ठेवणं हेही दोघांपैकी कोणालाही चालतं.

चेंडू मारायच्या इराद्यानं क्लब फिरवला आणि चेंडूला लागलाच नाही, तर तो फटका धरला जातो आणि पुढची पाळी जोडीदाराची. पण पाण्यावरून मारायचं जोडीदाराच्या वाट्याला यावं म्हणून मुद्दाम हवेत क्लब फिरवलात, तर तो फटकाच नाही आणि पाळी तुमचीच राहते. ही युक्ती फार जुनी आहे आणि फार पूर्वीच बंद झालेली आहे.

जो फटका रद्द होतो किंवा मोजला जात नाही तो त्याच माणसानं पुन्हा मारायचा. स्थानिक नियमानुसार विजेच्या तारेला लागलेला चेंडू हे नेहमीचं उदाहरण. स्ट्रोकप्लेमध्ये चुकीचा चेंडू मारलात तर दोन फटक्यांचा दंड, आणि योग्य चेंडूही तुम्हीच मारायचा. मॅचप्लेमध्ये होल गेलाच.

आणि पाळीच चुकली तर? मॅचप्लेमध्ये होल गेला. स्ट्रोकप्लेमध्ये दोन फटके दंड, शिवाय जिथून चूक झाली तिथे परत जाऊन योग्य माणसानं मारायचं. मधले फटके मोजायचे नाहीत. पुढच्या होलच्या टीवरून फटका जाण्याआधी ही दुरुस्ती केली नाही तर जोडी बाद. शेवटच्या होलवर ही मुदत कार्ड देईपर्यंत. ही चूक टाळायला एकच उपाय आहे: चेंडूपाशी पोचल्यावर जो मारणार त्यानं ‘माझा’ म्हणायचं. ग्रीनवर तर हमखास, कारण एक फूट राहिलेला पट सवयीनं टॅप करण्याचा मोह सगळ्यांना होतो.

जोडीदार पट मारत असताना त्याच्या मागे, चेंडूच्या रेषेत उभं राहून चेंडू कसा वळतो ते पुढच्या पटसाठी बघायचं नाही. यालाही होलचा किंवा दोन फटक्यांचा दंड आहे. बाजूनं बघा.

दुसऱ्यासाठी मारायचं

एकट्यानं खेळताना पुढचा फटका तुमचाच असतो, म्हणून ‘बघू नंतर’ चालून जातं. इथे नाही. पार ५ वर दुसरा फटका मारण्याआधी जोडीदाराला विचारा, ‘किती ठेवू?’ तो म्हणाला नव्वद यार्ड, तर नव्वदच ठेवा, जास्त पुढे ढकलून चाळीस यार्डांची अर्धवट वेज त्याच्या गळ्यात मारू नका. १५० यार्डांची खूण बहुतेक कोर्सवर असते, तिच्यावरून मोजा. कोणाला किती अंतर आवडतं हे पहिल्या टीच्या आधीच एकमेकांना सांगून ठेवा.

अॅप्रोच मारताना झेंड्याकडे बघण्याआधी जोडीदाराला काय उरेल ते बघा. त्याला बंकर नको असेल तर ग्रीनच्या रुंद भागाकडे मारा, चाळीस फुटांचा पट राहिला तरी परवडतो. चिप (ग्रीनलगतचा छोटा फटका) शक्यतो होलच्या खालच्या बाजूला, म्हणजे त्याला चढावर पट मिळेल. लांब पट आत घालायच्या नादात चार फूट पुढे नेऊ नका, होलजवळ दोन फुटांत थांबवा. राहिलेला पट त्याला घालायचाय, तुम्हाला नाही. मॅचप्लेमध्ये आणखी एक फायदा: दोन फुटांचा पट समोरचे बऱ्याचदा गेला असं मानून सोडून देतात, चार फुटांचा क्वचित.

अडचणीत सापडलेला चेंडू आधी बाहेर काढायचा. झाडांमधल्या फटीतून धाडसाचा फटका फसला तर पुढचा प्रयत्न जोडीदाराला करावा लागतो, आणि तो तुमच्या धाडसात सामील नव्हता.

सगळ्यांना जाणवणारी अडचण म्हणजे हात थंड पडणं. कधी सलग चार होल तुमच्या वाट्याला पट येत नाही, कधी तासभर ड्राइव्ह नाही. होल संपल्यावर, कोणी मागे खोळंबलेलं नसेल आणि स्थानिक नियमानं मनाई नसेल, तर नुकत्याच संपलेल्या ग्रीनवर एक-दोन पट सरावासाठी मारता येतात. चालताना क्लब हातात घेऊन सराव-झोका घेत राहा. फटक्याआधीची ठरलेली तयारी मात्र कधी वगळू नका, घाईनं जाऊन मारलेला थंड हाताचा फटका बहुतेक वेळा आखूडच पडतो.

आणि ‘सॉरी’ म्हणायचं नाही. एरवी बसमध्ये दुसऱ्यानं पाय दिला तरी सॉरी म्हणणाऱ्या या देशात हा फोरसमचा अलिखित दंडक आहे. एकदा म्हणालात की प्रत्येक वाईट फटक्याला म्हणावं लागतं आणि न म्हटलेला फटका मग खटकतो.

सामना बरोबरीत राहिला तर

मॅचप्लेमध्ये जादा होल म्हणजे त्याच फेरीचा पुढचा भाग. क्रम तसाच चालू राहतो: अठराव्याला टीवर नसलेला एकोणिसाव्याला टीवर, म्हणजे ज्यानं पहिला मारला तोच. ‘नव्यानं सुरुवात, आता तू मार’ असं म्हणून पाळी बदललीत तर तो होल तिथेच जातो आणि बरोबरीत असलेला सामनाही त्याबरोबरच. स्ट्रोकप्लेचा प्लेऑफ मात्र नवी फेरी, तिथे पहिला टी कोणी घ्यायचा हे पुन्हा ठरवता येतं. म्हणून अठराव्या ग्रीनवरून निघताना दोघांनी आधी एवढंच बघायचं, आपण कुठल्या प्रकारात आहोत, आणि मगच टीकडे चालू लागायचं.